उपरोधाचे आकलन आणि निर्मिती : महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी स्तरावरील मराठीच्या वर्गात विनोदी साहित्य शिकविले जाते. उपरोध मात्र क्वचितच शिकविला जातो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी यांचे लेखन अभ्यासले जाते, त्यांच्या विनोदाची वैशिष्ट्ये टिपणात उतरतात आणि अतिशयोक्ती, कोटी, विसंगती ही नावे उत्तरपत्रिकेत परत येतात. परंतु एखादा अनोळखी उपरोधपर मजकूर समोर आला, तर त्यात बोलणारा आणि तो लिहिणारा या दोन भिन्न व्यक्ती आहेत, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीचा, आणि तिच्याशी निगडित असलेल्या लेखन-अध्यापनाचा विचार केला आहे.

वस्तुतः या प्रांतात विद्यार्थी अगदी कोरा नसतो. तास अर्धा संपल्यावर आलेल्या मित्राला ‘फारच लवकर आलास’ असे म्हणणारा विद्यार्थी व्याजस्तुतीचाच प्रयोग करीत असतो. अडचण होते ती परिभाषेमुळे. विनोद, उपहास, उपरोध, विडंबन हे शब्द पर्यायी म्हणून वापरले जातात. त्यात ‘व्यंग’ म्हणजे दोष आणि ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ, यांचीही सरमिसळ होते. अध्यापनाच्या सोयीसाठी एवढा भेद पुरेसा आहे : उपहासात एखाद्याला हसले जाते, तर उपरोधात एका न उच्चारलेल्या मूल्याच्या कसोटीवर त्याला उभे केले जाते. ही कसोटी मजकुरात कोठे दडली आहे, तिचा शोध घेणे हेच उपरोधाचे वाचन होय.

आकलनाची पायरी

यासाठी जोनाथन स्विफ्ट याच्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ (1729) या पत्रकाइतके उपयुक्त उदाहरण दुसरे सापडणे कठीण. डब्लिनमधील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन असलेल्या स्विफ्टने हे पत्रक निनावी प्रसिद्ध केले. आयर्लंडमधील गरिबांची मुले एक वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत, अशी सूचना त्यात आहे. दरवर्षी जन्मणाऱ्या अशा 1,20,000 मुलांपैकी 20,000 राखून ठेवावीत व 1,00,000 विक्रीस काढावीत. संगोपनाचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा शिलिंग, म्हणून आईला नफा आठ शिलिंग. हिशेब चोख आहे, आणि भीती नेमकी त्या चोखपणाची वाटते. माणसांची गणना मालासारखी करणारी तत्कालीन योजनाकारांची भाषाच येथे आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

प्रथम वाचनात काही विद्यार्थी लेखकाला क्रूर ठरवितात, तर काही ‘हे विनोदी आहे’ असे म्हणून मोकळे होतात. दोन्ही वाचने सारखीच अपुरी आहेत. वर्गाला पत्रकाच्या अखेरच्या भागाकडे न्यावे. परदेशी राहून आयर्लंडचा खंड खाणाऱ्या जमीनदारांवर कर बसवावा, देशी मालच वापरावा, कुळांना दया दाखवावी, असे इतर उपाय तेथील वक्ता तुच्छतेने झिडकारतो. यांपैकी देशी मालाचा आग्रह स्वतः स्विफ्टने 1720 मध्ये एका स्वतंत्र पत्रकातून सरळ भाषेत धरला होता, हे सांगितले की वर्गाचा गोंधळ बराचसा दूर होतो. वक्ता जे नाकारतो, तेच लेखकाला हवे आहे. स्वदेशीच्या चळवळीचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हा दुवा परका वाटण्याचे कारण नाही.

येथून मराठीकडे वळणे सोपे जाते. कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या या त्रिकुटाकरवी तत्कालीन रूढींचा समाचार घेतला. सुदाम्याचे बोलणे कोल्हटकरांचे मत म्हणून वाचले, तर सारा लेख उलटा होतो. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (1873) मधील रीत याहून वेगळी आहे. तेथे धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात अवतारकथा अक्षरशः खऱ्या मानून त्यांना व्यवहारातले साधे प्रश्न विचारले जातात. कथा त्या प्रश्नांखालीच कोसळते. ‘गुलामगिरी’ सामाजिक विचारांच्या अभ्यासात वाचली जाते; तिच्यातील उपरोधाची धार मात्र मराठीच्या वर्गात पुरेशी तपासली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

निर्मितीची पायरी

‘एक उपरोधिक लेख लिहा’ एवढीच सूचना दिल्यास हाती बहुधा विनोदी चुटके येतात. त्यापेक्षा आधी साचा द्यावा : परिपत्रक, चौकशी समितीचा अहवाल, सत्काराचे भाषण, लग्नपत्रिका. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवींचे विडंबन केले, ते त्या कवींची वृत्ते व लकबी आत्मसात करूनच. तद्वत विद्यार्थ्याने प्रथम अस्सल वाटेल असे परिपत्रक लिहावे. त्यानंतर त्यातील तर्क त्याच भाषेत आणखी दोन पावले पुढे न्यावा. उदाहरणार्थ, वाचनालयातील पुस्तके फाटतात म्हणून ती विद्यार्थ्यांना देऊच नयेत, असे सुचविणारा अहवाल. लेखकाने मध्येच हसू नये, ही अट सर्वांत अवघड ठरते.

खरा प्रश्न लक्ष्याच्या निवडीचा आहे. मोकळीक मिळताच विद्यार्थी बहुधा जवळचे लक्ष्य उचलतात : वऱ्हाडी वा कोकणी बोलीचा हेल, कोणाचा रंग, लठ्ठपणा, घरकाम करणारी बाई. यात कसोटी कोणतीच नाही. असलाच तर केवळ लिहिणाऱ्याचा वरचष्मा आहे. अध्यापकाने ‘विनोद समजून घ्या’ असे म्हणून हे सोडून देऊ नये.

त्याचबरोबर वाचक कोठे उभा आहे, यावर अर्थ पालटतो, हेही वर्गात मांडावे लागते. राज्यघटनेच्या निर्मितीच्या संथ गतीवर शंकर यांनी 1949 मध्ये काढलेले व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात 2006 मध्ये समाविष्ट झाले. गोगलगायीवर डॉ. आंबेडकर आणि मागे नेहरू, दोघांच्याही हाती चाबूक, असे ते चित्र. घटनासभेला इतका वेळ का लागला, असा प्रश्न चित्राखाली विचारलेला होता. मे 2012 मध्ये त्यावर संसदेत तीव्र आक्षेप घेण्यात आले; योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी मुख्य सल्लागारपद सोडले, आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि ज्या समाजाने चाबकाचा अर्थ पिढ्यानपिढ्या पाठीवर अनुभवला, त्या समाजातील वाचकाला चाबूक प्रथम दिसावा, यात अडाणीपणा नाही. चित्रकाराचा रोख आणि वाचकाची जखम या दोहोंची वर्गात मोकळी चर्चा व्हावयास हवी. ती टाळण्यासाठी व्यंगचित्रच वगळणे हा सोपा, पण अध्यापनाच्या दृष्टीने निकृष्ट मार्ग होय.

मूल्यमापन

हसू किती आले, यावर गुण देता येत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक लेखासोबत स्वतंत्र कागदावर दोन सरळ वाक्ये मागवावीत : टीका कोणावर आहे आणि कोणत्या मूल्याच्या आधारे. ती लिहिता आली नाहीत, तर लेख अजून तयार नाही असे समजावे. नंतर तो कागद बाजूला ठेवून लेख दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचावयास द्यावा व त्याला समजलेला आशय लिहून घ्यावा. दोन कागदांतील अंतर हाच पुनर्लेखनाचा आधार.

ही देवघेव वर्गातच पूर्ण व्हावी, भित्तिपत्रकावर लेख लागण्यापूर्वी. भ्रमणध्वनीवर टिपलेले अर्धे पान संदर्भाशिवाय गावभर फिरते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बदनामी (कलम 356) व धार्मिक भावना दुखावणे (कलम 299) हे गुन्हे कायम आहेत. विद्यार्थ्याला घाबरविण्यासाठी हे सांगावयाचे नाही. आपला वक्ता कोण आणि आपण कोण, हे अनोळखी वाचकालाही कळावे अशी खूण लेखात कोठे ठेवली आहे, ते त्याने छापण्याआधी अध्यापकाला बोट ठेवून दाखवावे.