यकृतातील मेद आणि मद्याचा नाहक बोल

यकृत बिघडले म्हणजे माणूस पिणारा असलाच पाहिजे, हे समीकरण आपल्या समाजात इतके रूढ आहे की, दारूच्या थेंबालाही न शिवलेला कारकून सोनोग्राफीचा अहवाल घरच्यांपासून लपवितो. (दारू निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे.) वैद्यकानेही या गैरसमजाला नकळत हातभार लावला. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी या यकृतदाहाला नाव दिले, तेच मुळी 'मद्याविना होणारा' असे. रोग काय नाही एवढेच सांगणारे ते नाव बदलण्यास २०२३ साल उजाडावे लागले. नव्या नावात रोगाचे नाते चयापचयाच्या बिघाडाशी जोडले आहे, आणि तेच यथार्थ आहे.

इन्शुलिनचा हुकूम मेदपेशी जुमानीनाशा झाल्या, की त्यांच्या कोठारातील मेदाम्ले रक्तात सुटून यकृताकडे लोटतात. जादा साखरेचेही यकृत मेदच करीत असते. पाच टक्क्यांहून अधिक यकृतपेशींत मेद साठला की रोग मानतात. तथापि नुसता साठा फारसा घातक नव्हे. खरा अनर्थ दाहाचा. साठा पेलेनासा झालेल्या पेशी जखमी होतात, यकृतातील रक्षक पेशी चवताळतात, आणि दाह वर्षानुवर्षे टिकला तर व्रणांचे जाळे विणले जाऊन काहींना सिरॉसिस होतो. शिवाय या दाहामुळे इन्शुलिनचा अंमल अधिकच ढिला पडतो. सावकारी कर्जात व्याजावर व्याज चढावे, तसाच हा प्रकार!

अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के!

केंद्र सरकारने २०२१ मध्ये या रोगाचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला, हे योग्यच झाले. वय, दोन यकृत-एन्झाइमे आणि प्लेटलेट यांचे साधे गणित मांडले, तरी कोणास पुढील तपासणी हवी याचा अंदाज येतो. मधुमेही दवाखान्यात येतातच. त्यांचे रक्त साखरेसाठी काढले जातेच. त्याच वेळी हे गणितही मांडावयास काय हरकत आहे? वेळीच कळले, तर स्थूल रुग्णाने वजनाचा सात ते दहा टक्के भाग उतरविला तरी दाह शमू शकतो. सत्तर किलोंच्या माणसाला हे ओझे पाच ते सात किलोंचे.