पर्यायी इतिहासकथा
इतिहासातील निर्णायक घटनेस प्रत्यक्षाहून निराळे वळण मिळाले, असे गृहीत धरून तिचे संभाव्य परिणाम चित्रित करणारा कथाप्रकार. पॅसिफिक महासागरातील नाविक युद्ध हा त्यातील वारंवार येणारा विषय होय. मिडवेच्या लढाईत (४ जून १९४२) अमेरिकन विमानांनी काही मिनिटांत तीन जपानी विमानवाहू जहाजे निकामी केली. चौथ्याचीही त्याच दिवशी तीच गत झाली. ही मिनिटे हुकली असती तर, या प्रश्नातून अशा कथा जन्मतात. मात्र लढाईचा निकाल पालटला, तरी अमेरिकेची प्रचंड जहाजबांधणीक्षमता कायम राहते. तिचा विसर पडल्यास कथा स्वप्नरंजन ठरते. मराठीत जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांवरील गोळी हुकते आणि पुढील सर्व इतिहास बदलतो.