पावसाळ्यातील हिरवळ

उष्ण व पावसाळी प्रदेशातील हिरवळीस उन्हापेक्षा तुंबलेल्या पाण्याचेच भय अधिक असते. हरळी, म्हणजेच दूर्वा, कडक उन्हात सुकली तरी भूमिगत खोडांपासून पुन्हा फुटते. परंतु मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे तेथील हवा बाहेर लोटली जाते आणि प्राणवायूच्या अभावी मुळे कुजू लागतात. यास्तव पावसाळ्यापूर्वीच जमिनीस किंचित उतार द्यावा व सळईने भोके पाडून दडपलेली माती मोकळी करावी. एका कापणीत पात्यांच्या उंचीचा १/३ हून अधिक भाग छाटू नये. कारण वनस्पतीचे अन्न पात्यांतच तयार होते. नत्रयुक्त खत थोडेथोडे द्यावे. एकदम दिलेले खत मुरणाऱ्या पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. ओल्या हिरवळीवर चालणे टाळावे. पायांखाली माती पुन्हा दडपली जाते.