करपा आणि भात (७) : नकोशी पाठराखीण

बासमतीवर लिहायचं कबूल केलं होतं, ते आज होत नाही. पवन मावळातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या बाजूला ठेववेना. ते लिहितात, "करप्याला दाद देत नाही म्हणून जे जे बियाणं आणलं, त्याचा भात घरात कुणी आवडीनं खाल्ला नाही. शेवटी पुन्हा इंद्रायणीच. चव आणि रोगप्रतिकार यांचं मुळातच वाकडं आहे का?"

हा संशय मावळापुरता नाही. जपानी पैदासकारांनाही तो छळत होता, आणि तसं कारणही होतं. तिथला सगळ्यांत लाडका तांदूळ म्हणजे कोशिहिकारी. १९४४ साली नीगातात नोरिन-२२ आणि नोरिन-१ यांचा संकर केला, तो नोरिन-२२ मधला करप्याचा प्रतिकार नोरिन-१ च्या गुणांना जोडावा म्हणून. १९५६ मध्ये वाण बाहेर आलं ते खायला अप्रतिम, पण वाऱ्यापावसात आडवं होणारं आणि करप्याला सहज बळी पडणारं. ज्यासाठी सगळा घाट घातला तेच नेमकं निसटलं! लोकांनी तरी ते डोक्यावर घेतलं, कारण लोक भात खातात, पानावरचे डाग मोजत बसत नाहीत.

आता दुसरं टोक. जपानात खाचराबाहेर, कोरड्या जमिनीत पेरायच्या भाताची जुनी वाणं आहेत. कोरड्यातल्या भाताला करपा जास्त गाठतो, त्यामुळे तिथे टिकलेली वाणं चांगलीच चिवट. त्यातलंच एक चिकट तांदळाचं वाण म्हणजे ओवारिहातामोची. त्याचा प्रतिकार पाय-टा या करप्याला जागीच रोखणाऱ्या जनुकासारखा नाही, आणि हा फरक डोळ्यांनी दिसतो. लोणावळ्याला धुकं आणि पाऊस हटत नाही, म्हणून देशभरची वाणं तिथे करप्याच्या परीक्षेला बसवतात. अशा रोपवाटिकेत वाणांच्या ओळींलगत मुद्दाम रोगट होणारं वाण लावतात आणि पानं पाहून ० ते ९ गुण देतात. इथे कमी गुण म्हणजे पास. पाय-टा लागू पडलं असेल तर पानावर नुसते तपकिरी टिपके, पुढे काही नाही. बळी पडणाऱ्या वाणावर दोन्ही टोकांना निमुळते, पोटात राखाडी, कडेला तपकिरी असे डाग; ते एकमेकांत मिसळले की पानच जळतं. ओवारिहातामोचीसारख्या अर्धवट प्रतिकाराच्या वाणावरही डाग येतात, पण थोडे, लहान आणि उशिरा. पाहणाऱ्याला हे वाण नापासच वाटतं. पण अमेरिकेत आर्कान्सात पाय-टावर विसंबलेल्या 'बँक्स' या वाणाला जो दणका बसला तो यांना सहसा बसत नाही. करप्याच्या बुरशीनं आपलं एक जनुक बदलून बाजी मारावी, अशी इथे सोय नसते.

मग हा प्रतिकार खाचरातल्या भातात आणायला काय हरकत होती? जपान्यांनी दशकानुदशकं तेच केलं. प्रतिकार यायचा, आणि दर वेळी बेचव भातही यायचा. अनेकांनी ठरवून टाकलं की हे असंच असणार.

शुइची फुकुओका आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये खुलासा केला. प्रतिकाराचं जनुक, पाय-२१, चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि चव बिघडवणारं जनुक त्याला अगदी खेटून बसलेलं आहे. दोन वेगळी जनुकं! नवरीबरोबर पाठराखीण यावी आणि तिनं परत जायचं नावच काढू नये, असा प्रकार. जनुकं इतकी जवळ असली की त्यांच्यामध्ये गुणसूत्र तुटून सांधलं जाणं फार दुर्मीळ. शेतातल्या नेहमीच्या निवडीत असं रोप हाती लागणं जवळपास अशक्य. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून ढीगभर रोपं चाळली, तेव्हा ते सापडलं.

त्याहून गंमत पुढे आहे. पाय-२१ शाबूत असलं की झाडाच्या बचावाला लगाम बसतो. ओवारिहातामोचीतल्या प्रतीत दोन ठिकाणी तुकडे गळालेले आहेत, म्हणून लगाम सुटतो. म्हणजे प्रतिकार हा इथे मोडतोडीचा परिणाम. म्हणूनच ही मोडकी प्रत आई-बाप दोघांकडून यावी लागते. एक जरी शाबूत आली तरी ती आपलं काम करतेच, आणि संकराच्या पहिल्या पिढीत प्रतिकार दिसतच नाही. घाईच्या माणसानं ती पिढी फेकून दिली असती.

पाठराखीण वगळून पाय-२१ ची ही मोडकी प्रत घातलेलं 'तोमोहोनामी' हे वाण जपानात आइची प्रांतात तयार झालं. चवीला ते कोशिहिकारीच्या जवळ जातं.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर: वाकडं नाही, शेजार वाईट होता. निदान या जनुकाच्या बाबतीत तरी. तुम्ही आणलेलं प्रत्येक बियाणं याच कारणानं बेचव होतं असं मी म्हणणार नाही. भाताची चव एका जनुकावर ठरत नाही. आणि तोमोहोनामीच्या मागे लागू नका, ते जपानच्या हवेचं वाण. मोडकं पाय-२१ही करपा मंदावतं, थांबवत नाही. इंद्रायणीच लावणार असाल तर युरियाला हात आखडता घ्या आणि तो एकदम न टाकता हप्त्यांत द्या. नत्रानं माजलेल्या, हिरव्याकच्च भातावर करपा आधी बसतो. बासमती पुढच्या आठवड्यात, नक्की.