आम्ल-आम्लारी असंतुलनाच्या रुग्णांची परिचर्या

आम्ल-आम्लारी असंतुलन म्हणजे रक्तातील आम्लता ठरावीक मर्यादेबाहेर जाणे किंवा ती मर्यादेत राखणारी यंत्रणा बिघडणे. निरोगी व्यक्तीच्या रोहिणीतील रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.३५ ते ७.४५ असतो. रक्त याहून आम्लधर्मी होण्यास आम्लरक्तता (ॲसिडोसिस), तर आम्लारिधर्मी होण्यास अल्करक्तता (अल्कलोसिस) म्हणतात. असंतुलन हा स्वतंत्र रोग नसून मूळ आजाराचा परिणाम असतो. त्यामुळे केवळ अहवालातील आकडा दुरुस्त करण्यापेक्षा कारण दूर करणे महत्त्वाचे ठरते. रुग्णाजवळ सर्वाधिक काळ परिचारिका असल्याने श्वसन, शुद्धी व मूत्रप्रमाण यांतील पहिले बदल बहुधा तिच्याच लक्षात येतात.

## शरीरक्रिया व प्रकार

शरीर तीन मार्गांनी सामू स्थिर ठेवते. रक्तातील बायकार्बोनेटसारखी प्रतिरोधी द्रव्ये तत्काळ कार्य करतात. फुप्फुसे काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वाढवतात किंवा घटवतात. मूत्रपिंडांना आम्ल उत्सर्जित करून बायकार्बोनेट राखण्यास काही तास ते काही दिवस लागतात. रोहिणीतील कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर पारा, तर बायकार्बोनेट २२ ते २६ मिलिमोल प्रति लिटर असते.

मूळ बिघाड कार्बन डायऑक्साइडच्या पातळीत असल्यास असंतुलन श्वसनजन्य, तर बायकार्बोनेटमध्ये असल्यास चयापचयजन्य मानले जाते. त्यानुसार चार मुख्य प्रकार होतात. एकाच रुग्णात दोन किंवा अधिक प्रकार एकत्रही आढळतात.

## इतिहास

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तातील वाढलेल्या बायकार्बोनेटवरून ही अल्करक्तता असल्याचा समज झाला होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मात्र अपुऱ्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचे ओळखले. त्यानंतर श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवण्यात आली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात या घटनेपासून मानली जाते.

## रक्तनमुना व अहवालाचे वाचन

रोहिणी रक्तवायू तपासणीसाठी बहुधा मनगटातील रोहिणीतून, हिपॅरिनयुक्त सिरिंजमध्ये रक्त घेतात. त्यापूर्वी हाताला दुसऱ्या रोहिणीतून पुरेसा रक्तपुरवठा होतो की नाही, हे पाहतात. सिरिंजमधील हवेचे बुडबुडे लगेच काढावे लागतात, कारण त्यांमुळे कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्षाहून कमी दिसतो. नमुना तपासण्यास उशीर झाल्यास रक्तपेशींच्या चयापचयामुळे सामू व ऑक्सिजन घटतात. म्हणून तपासणी साधारणतः ३० मिनिटांच्या आत व्हावी. टोचलेल्या जागी किमान ५ मिनिटे दाब द्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अधिक काळ द्यावा. नमुन्याच्या वेळी रुग्णाला किती ऑक्सिजन चालू होता, याची नोंद नसल्यास अहवालाचा अर्थ लावणे कठीण जाते.

वाचन करताना प्रथम सामू, मग कार्बन डायऑक्साइड, नंतर बायकार्बोनेट आणि शेवटी शरीराने केलेली भरपाई पाहतात. उदाहरणार्थ, सामू ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६० व बायकार्बोनेट २७ असल्यास ती श्वसनजन्य आम्लरक्तता होय. येथे बायकार्बोनेटची किंचित वाढ ही भरपाई आहे, मूळ बिघाड नव्हे.

## प्रकारानुसार परिचर्या

श्वसनजन्य आम्लरक्तता: दीर्घकालीन फुप्फुसविकार, अफूवर्गीय औषधांचा अतिरिक्त डोस व श्वसनस्नायूंची दुर्बलता ही प्रमुख कारणे आहेत. रुग्णाला अर्धवट बसते करणे, कफ काढणे व श्वसनमार्ग मोकळा ठेवणे ही प्राथमिक कामे होत. दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकारात ऑक्सिजन संपृक्ततेचे लक्ष्य सामान्यतः ८८ ते ९२ टक्के ठेवतात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाची संपृक्तता उत्तम दिसत असतानाही श्वसन अपुरे असू शकते. अशा रुग्णाची वाढती गुंगी ही विश्रांती न समजता धोक्याची सूचना मानावी.

श्वसनजन्य अल्करक्तता: वेदना, ताप, भीती व ऑक्सिजनची कमतरता यांमुळे श्वसन जलद होऊन हातापायांना व ओठांभोवती मुंग्या येतात. रुग्णाला धीर देऊन संथ श्वास घेण्यास सांगतात. मात्र फुप्फुसातील रक्तगुठळी किंवा जंतुदोष हे कारण असू शकते, त्यामुळे केवळ घबराट असे गृहीत धरू नये. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी पद्धत ऑक्सिजन घटण्याच्या धोक्यामुळे टाळली जाते.

चयापचयजन्य आम्लरक्तता: मधुमेहातील कीटोआम्लरक्तता, मूत्रपिंड निकामी होणे, तीव्र अतिसार, रक्तदाब खालावलेली अवस्था व विषारी दारूतील मिथेनॉल ही काही कारणे होत. रुग्ण खोल व जलद श्वास घेतो. आडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेही रुग्णांत वर्णिलेले हे श्वसन म्हणजे शरीराची भरपाई असते. ते शांत करण्यासाठी गुंगीचे औषध दिल्यास सामू वेगाने खालावतो. कीटोआम्लरक्ततेत इन्सुलिन व शिरेवाटे द्रव देताना पोटॅशियम पेशींत शिरून रक्तातील पातळी घसरते. म्हणून त्याची वारंवार तपासणी व हृदयालेखावर लक्ष आवश्यक असते. सोडियम बायकार्बोनेट कॅल्शियमसोबत एकाच नळीतून देत नाहीत, कारण साका तयार होतो. अतिसारात दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीतील सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते व आम्लरक्तता सुधारण्यास मदत होते.

चयापचयजन्य अल्करक्तता: सततच्या उलट्या, नाकातील नळीने जठररस काढणे व मूत्रल औषधे यांमुळे आम्ल, क्लोराइड व पोटॅशियम कमी होतात. स्नायूंत पेटके व हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता दिसू शकते. नळी धुण्यासाठी साध्या पाण्याऐवजी सलाइन वापरतात. पोटॅशियम नेहमी विरल करून संथ गतीने देतात. ते शिरेत एकदम टोचणे प्राणघातक ठरते.

## निरीक्षण व नोंद

श्वसनाची गती व खोली, शुद्धी, नाडी, रक्तदाब, दर तासाचे मूत्रप्रमाण आणि द्रवांचा ताळेबंद यांची नोंद ठेवली जाते. एकट्या आकड्यापेक्षा त्यातील बदलाची दिशा अधिक बोलकी असते. दमलेल्या रुग्णाचा जलद श्वास अचानक मंदावणे ही सुधारणा नसून श्वसनस्नायू थकल्याचे लक्षण असू शकते. शुद्धी घटणे, ठोके अनियमित होणे किंवा मूत्रप्रमाण कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढील अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना तत्काळ कळवणे आवश्यक असते.