तिबेटभोवतीचं कडं

मध्य सायबेरियाच्या जंगलात दोन पर्णवटवटे शेजारी शेजारी वीण घालतात. दोघंही आठ-नऊ ग्रॅम वजनाचे, वरून हिरवट, खालून मळकट पांढरे, डोळ्यावर फिकट भुवई. पश्चिमेकडच्या 'विरिडॅनस'च्या पंखावर एक बारीक पट्टी, पूर्वेकडच्या 'प्लंबेटार्सस'च्या पंखावर दोन. दिसण्यातला फरक एवढाच. पण एकाचं गाणं लावलं तर दुसरा दखलही घेत नाही.

१९३८ साली क्लॉड टाइसहर्स्टने पर्णवटवट्यांवरच्या आपल्या ग्रंथात याचं उत्तर सुचवलं. मूळ पक्षी हिमालयाच्या बाजूचा. तिबेटचं पठार उघडं-बोडकं, म्हणून काही पक्षी पश्चिमेच्या जंगलपट्ट्यातून उत्तरेला सरकत गेले, काही पूर्वेच्या. सायबेरियात त्यांची गाठ पडली तोवर ते एकमेकांना परके झाले होते. चार वर्षांनी अर्न्स्ट मायरने ही कल्पना उचलली आणि 'वलय जाती'चं हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत पक्कं झालं.

खरी पारख व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. डॅरेन अर्विनने कड्याभोवती ठिकठिकाणी गाणी ध्वनिमुद्रित केली. दक्षिणेत गाणं आखूड आणि साधं. दोन्ही बाजूंनी उत्तरेला जावं तसं ते लांबत, गुंतत जातं, पण दोन बाजूंना दोन तऱ्हांनी. कुठे एकदम सांधा बदलत नाही, आणि टोकाला मात्र ओळख उरत नाही! २००१ साली 'नेचर'मध्ये बेन्श आणि प्राइस यांच्यासह त्याने हे मांडलं. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती ही गाण्यांची नोंद. पिसांनी जे जवळजवळ लपवलं, ते गळ्याने उघड केलं.

उत्तर चीनमध्ये कडं तुटलेलं आहे, बहुधा जंगलतोडीमुळे. पण २०१४ साली जनुकांच्या सखोल तपासणीत जुन्या खुणाही सापडल्या: पूर्वी एकाहून अधिक ठिकाणी संबंध खंडित झाले होते, आणि सायबेरियातल्या त्या दोघांमध्ये अधूनमधून संकरही झाला होता. म्हणजे अखंड साखळीचं चित्र फारच गोंडस होतं. वर्गात ते आजही तसंच शिकवलं जात असेल, तर थांबायला हवं. तुटत, जुळत, पुन्हा तुटत गेलेली ही वाटचाल मुलांना कळायला अवघड नाही, आणि ती जास्त खरी आहे.

हिवाळ्यातही दोघांच्या वाटा वेगळ्या. प्लंबेटार्सस आग्नेय आशियात उतरतो. विरिडॅनस भारतात येतो, आपल्या महाराष्ट्रातही. झाडाच्या शेंड्यातून येणारी त्याची 'चिस्-ली' ही दोन तुकड्यांची हाक एप्रिलपर्यंत ऐकू येते.