कापड फुकटाचे, हात नव्हेत!

दुपारच्या निवांत वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण दारात येते. जुनी साडी उलगडून ती उजेडासमोर धरते, विरलेली जागा बोटाने दाखविते आणि एका पातेल्यासाठी आणखी दोन कपडे मागते. जुन्या कापडालाही बाजारात मोल असते, हे महाराष्ट्रातील गृहिणीला तिनेच शिकविले. मात्र त्याच कापडाची कोणी पिशवी, बटवा, दुपटे किंवा गोधडी शिवून विकायला बसली, की गिऱ्हाईक सहज म्हणून जाते, "चिंध्यांचेच तर आहे, एवढे पैसे कशाचे?" या प्रश्नाचे नेमके उत्तर विकणारीजवळ नसेल, तर तिचा व्यवसाय फार काळ टिकत नाही. सोलापूरसारख्या वस्त्रनगरीत तर हे उत्तर शोधणे विशेष अगत्याचे आहे.

चिंध्यांचे गाव

सोलापूरची जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आज या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. परंतु तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाच्या मागांनी गावाची वस्त्रपरंपरा टिकवून धरली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच्या जोडीला शालेय गणवेश आणि तयार कपडे शिवण्याचा व्यवसायही येथे वाढला. साहजिकच कापडाचे तुकडे, काठ, कापणीतून उरलेल्या पट्ट्या आणि विणीत दोष राहिलेला माल येथे सतत निघत असतो. यातला बराच माल यंत्रे पुसण्याच्या चिंध्या म्हणून वजनावर विकला जातो.

दुसरीकडे, घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांची या शहरात वाण नाही. विड्या वळून संसार चालविणाऱ्या हजारो स्त्रिया येथे आहेत. हजार विड्यांमागे मजुरी मिळण्याची पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तेथे भाव कारखानदार ठरवितो आणि हिशेब नगावर होतो. त्यात किती तास मोडले, हे कोणी विचारत नाही. अशा घरातली स्त्री शिवणयंत्र घेऊन स्वतःचा माल विकू लागते, तेव्हा भाव ठरविण्याचा अधिकार प्रथमच तिच्या हाती येतो. तो कसा वापरायचा, हे मात्र तिला कोणी शिकविलेले नसते.

गोधडीला भाव का नव्हता?

याचे एक कारण आपल्या परंपरेतच आहे. गोधडी, वाकळ, चौघडी, बाळाचे दुपटे या वस्तू मुख्यतः घरच्यांसाठी होत असत. जीर्ण लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेपासून धावदोऱ्याचे टाके घालत मध्याकडे यायचे आणि विरलेल्या जागी ठिगळ लावायचे, हे काम शेतीची कामे उरकल्यावर चाले. त्यात मायेचा भाग मोठा होता, पण तासांची मोजदाद नव्हती. ज्या कामाला घरात कधी मजुरी मिळाली नाही, त्याला बाजारातही मजुरी नाकारली जाते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया कामावरच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवत. त्या परिसरातील स्त्रियांनी 1966 मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था काढली; तरी या कामाकडे कला म्हणून जगाचे लक्ष गेले ते 2002 मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात प्रदर्शन भरल्यावर. कापड तेच होते, टाकेही तेच होते. बदलली होती ती पाहणाऱ्याची नजर. आपल्याकडेही गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर ग्रंथ लिहून या कामाकडे लक्ष वेधले. परंतु आठवडी बाजारात बसणारीने संग्रहालयाची वाट पाहणे शक्य नाही. तिला आजचा हिशेब आजच मांडावा लागतो.

साठ रुपयांचा चकवा

हा हिशेब एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकीने ते आपल्या अनुभवाप्रमाणे बदलावेत. समजा, गणवेशाच्या तुकड्यांची अस्तर लावलेली एक पिशवी आहे. तुकडे, अस्तर, चेन आणि दोरा मिळून 23 रुपये लागले. वीज, तेल, सुया आणि यंत्राची झीज यांसाठी 5 रुपये धरू. प्रदर्शनातल्या गाळ्याचे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च 3000 रुपये आला आणि तेथे 150 पिशव्या विकल्या गेल्या, तर प्रत्येक पिशवीवर 20 रुपये पडतात. येथवर झाले 48 रुपये. निवडणे, धुणे, इस्त्री, कापणी आणि शिलाई मिळून एक तास लागला आणि तासाला 50 रुपये मजुरी धरली, तर बेरीज 98 वर जाते. बिघडलेल्या आणि न खपलेल्या मालासाठी 12 रुपये राखले, की किंमत 110 होते.

आता गिऱ्हाईक साठ रुपयांत मागते. विकणारी मनाशी म्हणते, तेवीसचा माल साठला गेला, सदतीस सुटले! प्रत्यक्षात 48 रुपये वजा जाता तिच्या तासाचे केवळ 12 रुपये उरतात. न खपलेल्या मालाचे तर काहीच निघत नाही. दिवसाअखेर गल्ला भरलेला दिसतो, त्यामुळे हा तोटा लक्षात येत नाही. तो लक्षात येतो तीन-चार महिन्यांनी, यंत्र दुरुस्तीला निघते तेव्हा. म्हणूनच माल मांडण्यापूर्वी वहीत वेळ लिहून ठेवणे हे या व्यवसायातले पहिले काम होय. आपल्या मजुरीला धक्का न लावता कोठवर उतरता येईल हे ठाऊक असलेली स्त्री घासाघीस करतानाही गोंधळत नाही.

कोणते कापड कशाला?

भाव टिकवायचा तर मालही तसा हवा. येथे कापडाची पारख कामी येते. गणवेशाचे मिश्र धाग्याचे कापड मळ सोसते आणि लवकर विटत नाही; ते पिशव्या, दप्तरे आणि डब्यांच्या थैल्यांना चांगले. ते घाम शोषत नसल्याने गोधडीला किंवा दुपट्याला वापरू नये. टॉवेलचे तुकडे पाणी शोषतात, म्हणून पायपुसणी, हातपुसणी आणि भांडी धरण्याच्या जाड फडक्यांना उपयोगी. मात्र त्यांचे धागे सुटतात, त्यामुळे कड दुमडून पक्की करणे आवश्यक असते. चादरीचे तुकडे जाड असून नक्षी दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगांत उमटलेली असते. बसकर, उशीचे अभ्रे आणि मोठ्या पिशव्यांत ती खुलून दिसते. त्यासाठी यंत्राला जाड सुई लागते. जुन्या सुती साड्यांचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही. बाळाच्या दुपट्याला त्याच हव्यात.

जुन्या कापडाबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका स्वच्छतेची असते. वापरलेले कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. आणि "हे वापरलेल्या साडीचे, धुऊन घेतलेले" किंवा "हे कारखान्यातील कोऱ्या तुकड्यांचे" असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. लपविण्यापेक्षा सांगण्यानेच विश्वास बसतो. त्याच न्यायाने, चादरीच्या तुकड्यांपासून केलेली वस्तू 'सोलापुरी चादर' म्हणून विकू नये. ते मानांकन चादरीचे आहे, तुकड्याचे नव्हे.

बाजार ओळखावा

सोलापुरात गिऱ्हाईक हंगामाने येते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेनिमित्त होम मैदानावर गड्डा भरतो. त्याच सुमारास संक्रांत येते आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ चालतात. वाण म्हणून लुटायला एकसारख्या पंचवीस-पन्नास वस्तू हव्या असतात आणि त्या स्वस्तही लागतात. छोटे बटवे व घडीच्या पिशव्या एकदम कापून, एकदम शिवल्या तर नगामागचा वेळ निम्म्यावर येऊ शकतो. येथे कमी भावही परवडतो. त्यासाठी तयारी मात्र दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकीला आणि तुळजापूर, अक्कलकोटच्या भाविकांना खांद्यावर अडकविण्याची मजबूत पिशवी लागते. राज्यात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून कापडी पिशवीची गरज दुकानदारालाही पटवून सांगता येते.

रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार शहरात पथविक्रेता समिती असते व नोंदणी झालेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळते. भांडवलासाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतून तारणाविना कर्ज मिळते. 2025 मध्ये या योजनेतील पहिल्या हप्त्याची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आली. एकटीला गाळ्याचे भाडे जड जात असेल, तर बचत गटाने मिळून गाळा घ्यावा. चंद्रिका चौहान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सोलापूरच्या 'उद्योगवर्धिनी'ने शिवणकाम आणि खाद्यपदार्थ यांतून स्त्रियांना एकत्र आणले. एकत्र विकण्याचा एक फायदा असाही, की शेजारी बसलेल्या दोघी एकमेकींचा भाव पाडत नाहीत.

आजीच्या लुगड्याची गोधडी

हाताने टाके घातलेल्या मोठ्या गोधडीचे काय? तिला साठ तास लागतात असे धरले, तरी आपल्या हिशेबाने मजुरीच तीन हजार होते. एवढा भाव बाजारातल्या घाईत मिळणे कठीण. अशा गोधड्या मांडणीत एक-दोन नमुन्यादाखल ठेवाव्यात आणि बाकी मागणीप्रमाणे शिवाव्यात. आजीची लुगडी, वडिलांचे सदरे, मुलांचे लहानपणीचे कपडे पुष्कळ घरांतील कपाटांत पडून असतात. ते बोहारणीला द्यायला मन होत नाही आणि वापरताही येत नाहीत. त्यांची गोधडी करून देताना कापड गिऱ्हाइकाचेच असते. त्यामुळे "चिंध्यांचे एवढे पैसे?" हा प्रश्नच उरत नाही; दाम उघडपणे हाताचा ठरतो. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, दिवस सांगावेत आणि उरलेले तुकडे परत करावेत.

गिऱ्हाईक म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे आणि तो चालणारच. परंतु पुढच्या वेळी होम मैदानावर अशी पिशवी हातात घेताना कापडाबरोबर तिची शिवणही उलटून पाहावी. पिशवी एकशे दहाला का, याचे उत्तर तेथेच सापडेल.